तपासले

अहवाल सहा पानांचा होता आणि पाचव्या पानावर तो शब्द होता. हलगर्जीपणा. ‘तत्कालीन सिस्टिम प्रमुखांच्या हलगर्जीपणामुळे’ अशी त्या वाक्याची सुरुवात होती. पुढेही बरंच काही होतं, पण तिचे डोळे त्या शब्दाशी अडखळले ते अडखळलेच. तिने पान उलटलं, सहावं वाचलं, पुन्हा मागे आली. शब्द तिथेच होता, ठळक, नीट टाईप केलेला, वेलांटीची चूकसुद्धा नसलेला. सव्वानऊ वाजले होते. साहेबांनी फाईल टेबलावर ठेवली तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात कॉफीचा कप होता. “चारपर्यंत सही करून द्या मॅडम, तुमची एकटीचीच राहिलीय,” असं म्हणून ते वर निघून गेले होते. एखाद्या पार्सलची पोच घ्यावी तसं. आता ती खुर्चीत ताठ बसली होती आणि काचेपलीकडच्या यंत्रांची घरघर रोजच्यासारखीच चालू होती. एकोणीस वर्षं ही घरघर तिच्या कानात होती. इतकी, की रविवारी घरी शांत वाटलं की तिला काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं. हॉस्पिटलच्या तळघरातली ही खोली. खिडकी नाही, बारा महिने थंडी, बारा महिने तिचा तोच राखाडी स्वेटर. तिची आई शेजाऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगायची, “माझी मुलगी हॉस्पिटलात असते,” आणि शेजारी घाबरून विचारायचे, “काय झालंय तिला?” तेव्हा ती हसायची. आज आत्ता कुणी विचारलं असतं तर तिला नेमकं उत्तर देता आलं असतं. तिला राग आलाय. तळपायापासून वर चढत चाललेला, जिभेवर धातूची चव आणणारा राग. आणि तो नक्की कुणाचा, हे तिला सांगता येत नव्हतं. साहेबांचा, हे उघडच होतं. पण साहेबांवरचा राग तिच्या ओळखीचा, रोजच्या वापरातला होता. हा तो नव्हता.

घडलं होतं ते असं. अकरा आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, क्ष-किरण आणि स्कॅनचे फोटो ज्या डिस्कवर साठवलेले असायचे त्यातल्या दोन एकापाठोपाठ एक मेल्या. डिस्क मरतात. यात कुणाचा दोष नसतो, माणसं मरतात तशा त्या मरतात, आणि म्हणूनच सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. ती शांतपणे त्या प्रतीकडे गेली. गेल्या सात महिन्यांचे दोनशे दहा फोल्डर रांगेने उभे होते, प्रत्येकावर तारीख, प्रत्येकाशेजारी हिरवा ठिपका आणि ‘यशस्वी’. तिने शेवटचा उघडला. आत काही नव्हतं. त्याच्या आधीचा उघडला. काही नव्हतं. ती मागे मागे जात राहिली, आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडावा आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असावी, पण आत दाणा नसावा, असं होत गेलं. चार हजारांहून जास्त माणसांचे फोटो होते ते. बाहेर मात्र एवढंच सांगण्यात आलं, की तांत्रिक अडचण आहे, लोकांनी सहकार्य करावं.

सहकार्य करणाऱ्यांपैकी एकाला तिने पाहिलं होतं. तो बस चालवायचा. सिटी बसचा गणवेश तसाच अंगावर ठेवून आला होता, बहुधा दोन फेऱ्यांच्या मध्ये. त्याच्या फुप्फुसावर एक डाग होता. चार महिन्यांपूर्वीच्या फोटोत होता आणि आताच्या फोटोतही होता, आणि डॉक्टरांना एवढंच बघायचं होतं की तो वाढलाय का. पण बघायला जुना फोटोच नव्हता. म्हणून त्याला सांगण्यात आलं, तीन महिन्यांनी पुन्हा या, पुन्हा फोटो काढू, मग कळेल. रेकॉर्डच्या खिडकीवरची बाई सवयीने शिव्या खायच्या तयारीत बसली होती, पण तो ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, “म्हणजे तुमच्याकडून हरवला का?” बाई म्हणाली, “तांत्रिक अडचण आहे.” तो म्हणाला, “बरं. पण मग हे तीन महिने मी गाडी चालवायची का नाही? मागे साठ माणसं असतात हो.” त्या वेळी ती काखेत एक कीबोर्ड धरून त्याच्या मागून चालली होती. तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही. लिफ्टमध्ये शिरून तिने तळघराचं बटण दाबलं आणि दार बंद होईपर्यंत पायातल्या चपलांकडे बघत राहिली.

आणि हा अहवाल म्हणत होता, की हे तत्कालीन सिस्टिम प्रमुखांनी, म्हणजे मास्तरांनी केलं. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते, पण हॉस्पिटलात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण ते माणसाला उत्तर देत नसत, कामाला लावत. ती नोकरीला लागली त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला कॉम्प्युटरवरची एक फाईल दुसरीकडे ठेवायला सांगितली. तिने ठेवली. “झालं,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं?” मास्तर म्हणाले. “ती परत आणून दाखव. उघडून दाखव. मग म्हण झालं.” तेव्हापासून दर महिन्याला एक अख्खा दिवस त्याच कामाचा असे. कोपऱ्यात एक जुनं, जास्तीचं मशीन होतं, त्यावर ते दोघं आठवडाभराचे फोटो परत आणून बघायचे. नुसते आले का एवढंच नाही, तर त्यातले दहा उघडून, डोळ्यांनी. अनोळखी माणसांच्या बरगड्या, मणके, गुडघे. मास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “हा गुडघा माझ्यापेक्षा बरा आहे. याला कशाला बोलावलंय?” मग त्यांच्या वळणदार अक्षरात महिन्याच्या फॉर्मवर शेवटच्या रकान्यात एक शब्द. तपासले. पुढे फॉर्म कॉम्प्युटरवर गेला, तरी रकाना राहिला आणि शब्द राहिला.

नवे साहेब आले त्यांना ते जास्तीचं मशीन नुसतं बसून खाणाऱ्या पाहुण्यासारखं वाटलं. ते उचलून त्यांनी प्रवेशद्वाराशी लावलं. तिथे आता पडद्यावर फुलं उमलत आणि ‘आपले स्वागत आहे’ अशी अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत. मास्तर भांडले. दोन पत्रं लिहिली, तीन बैठकांत बोलले. शेवटच्या बैठकीत साहेब हसून म्हणाले, “मास्तर, थोडा विश्वास ठेवायला शिका.” त्या संध्याकाळी मास्तरांनी राजीनामा दिला, निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती तीन दिवस रजेवर होती. परत आली तर मास्तरांची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली, आणि तिच्या कीबोर्डवर एक पाकीट. पाकिटात किल्ल्या होत्या. चिठ्ठी नव्हती. तिने पाकीट उलटं करून झटकलं, आत फुंकर घालून पाहिलं. नुसत्या किल्ल्या. त्यांचं खातं बंद करण्याचा आदेशही त्याच सकाळी आला आणि तो तिनेच अमलात आणला. तेव्हा तिला राग आला नव्हता. निदान तिची तशी समजूत होती. वाईट वाटलं होतं, आणि कामाचा डोंगर होता, आणि वाईट वाटायला वेळ नव्हता.

पुढचं फक्त तिला ठाऊक होतं. मास्तर गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तिने त्या रकान्यात खरं तेच लिहिलं, ‘नाही. मशीन उपलब्ध नाही.’ साहेबांनी वर बोलावलं. “वरच्यांना लाल रकाने दिसतात मॅडम. वाईट दिसतं ते.” तिसऱ्या महिन्यात फोटो नव्या डिस्कवर हलवायचे होते. तिने ते हलवले, आणि जिथे जिथे जुन्या जागेचा पत्ता लिहिलेला होता तिथे तिथे नवा लिहिला. चौदा ठिकाणी लिहिला. पंधरावं ठिकाण होतं मास्तरांच्या जुन्या, प्रत काढणाऱ्या प्रोग्राममध्ये. ते राहिलं. प्रोग्राम बिचारा रोज इमानाने रिकाम्या झालेल्या जागेवर जायचा, तिथलं ‘काहीही नाही’ उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि ‘यशस्वी’ म्हणून कळवायचा. एका तपासणीत कळलं असतं. जास्तीचं मशीन नसलं तरी निदान एक फोटो उघडून बघता आला असता, दोन मिनिटांचं काम. त्या महिन्याच्या शेवटी तिने फॉर्म उघडला आणि लिहिलं, तपासले. रकाना हिरवा झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा. सात वेळा. साहेबांना या रकान्याचा अर्थही माहीत नव्हता, चौकशी समितीला तर नाहीच. त्यांना प्रोग्रामवर लेखकाचं नाव सापडलं, आणि तो लेखक आता इथे नव्हता. आयतं डोकं सापडलं, खापर फोडायला. तिला काहीही करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाला फसवायचं नव्हतं. फक्त चारपर्यंत सही करायची होती. आणि हेच, हे इतकं सोपं असणंच तिच्या डोक्यात घण घालत होतं. अरे, निदान मला खोटं तरी बोलायला लावा!

बाराला तिने डबा उघडला आणि परत बंद केला. जिन्यात जाऊन, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसून तिने मास्तरांना फोन लावला. वर्षभरात तिसराच. पहिले दोन त्यांच्या बायकोच्या आजारपणाची चौकशी करून संपले होते. तिने वाक्य वाचून दाखवलं. शब्द उच्चारताना तिचा आवाज फाटला. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, ते बहुधा बागेत होते.

“कर सही,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“अगं कर. माझं नाव जातंय ना? जाऊ दे. मला आता कोण विचारतंय? टोमॅटोंना काही फरक पडत नाही. तुला अजून सतरा वर्षं काढायचीत तिथे.”

“मास्तर, तुमचा प्रोग्राम बरोबर होता.”

“माहितीये मला. पत्ता बदलायचा राहिला असणार तुझ्याकडून. होतं. माझ्याकडून काय कमी राहिलंय?”

त्यांना माहीत होतं! न बघता, टोमॅटोला पाणी घालता घालता त्यांनी ओळखलं होतं, आणि माफही करून टाकलं होतं. तिने फोन कानापासून लांब धरला. भिंतीवर आपटावा असं वाटलं. त्यांनी माफ केलं होतं ते विसरणं. विसरणं कुणालाही माफ करता येतं. सात वेळा लिहिलेला शब्द त्यांच्या स्वप्नातही नव्हता. आणि आपण तो त्यांना सांगू शकत नाही, हे तिला त्या पायरीवर बसून कळत होतं, म्हणून ती आणखी चिडत होती. “तुम्हाला काहीच वाटत नाही?” ती जवळजवळ ओरडली. जिन्यातून औषधांचा खोका घेऊन जाणारा वॉर्डबॉय थबकला आणि मान खाली घालून पुढे गेला. “वाटून काय करू?” मास्तर म्हणाले. “जेवलीस का?”

ती खाली आली तेव्हा तिला चुकांची शाळा आठवत होती. हे नाव बाहेरच्यांनी थट्टेने ठेवलेलं होतं आणि त्यांनी ते ठेवून घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एका शाळेच्या वर्गात पंधरा-वीस माणसं जमायची. कुणी बँकेची यंत्रं सांभाळणारं, कुणी पाणीपुरवठ्याची, कुणी विद्यापीठाची, एक बिस्किटाच्या कारखान्यातला. कुणालाच घरचे लोक विचारत नसत की आज काय केलंस, कारण सांगून कळायचं नाही. मास्तरांनी आणि तिने मिळून हे बारा वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. नियम दोनच. समोरच्या बाकावर बसून आपली चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. आणि ऐकणाऱ्यांनी धीर द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. बिस्किटवाल्याने एकदा एका चुकीच्या स्वल्पविरामापायी सगळ्या भट्ट्या कशा थंड केल्या ते सांगितलं होतं, आणि लोक हसून हसून बाकांवरून पडायचे राहिले होते, आणि मग एकाने विचारलं होतं, “तुला आधी शंका आली होती का?” तो म्हणाला होता, “आली होती.” राजीनाम्यानंतर मास्तर तिथे आले नव्हते. वर्गाची किल्ली आणणं, सगळ्यांना निरोप पाठवणं, बाक लावणं हे सगळं ती करत होती. डिस्क मेल्यानंतरच्या दोन्ही शनिवारी तिने इतकी धावपळ केली की तिला बाकावर बसायला सवडच मिळाली नाही. लोकांनी तिचं कौतुक केलं. तू आहेस म्हणून हे चाललंय, असं पाणीपुरवठ्यातली बाई म्हणाली.

अडीच वाजता तिने लिहायला घेतलं. दीड पान झालं. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं. पंधरावा पत्ता होता, सात महिने होते, तो शब्द होता आणि तो खोटा असल्याचं होतं. चौथ्या ओळीत जास्तीचं मशीन, ते कुणाच्या आदेशाने हललं ते, मास्तरांची दोन पत्रं, तारखांसकट. शेवटी एक मागणी होती. ज्यांचे फोटो गेले त्या प्रत्येकाला हॉस्पिटलने पत्राने तसं कळवावं, साध्या शब्दांत, आमच्याकडून हरवला असं. लिहून झाल्यावर तिने ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर मऊ केलं असतं.

साहेब ते वाचत असताना ती उभीच होती. त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. खोलीला मोठी खिडकी होती, बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेताना चुकत होतं.

“मॅडम, तुम्हाला कळतंय का तुम्ही स्वतःचं नाव घालताय?”

“चौथ्या ओळीत तुमचंही आहे.”

“तेही दिसलं.” ते हसले. खरंच हसले. “हे बघा. मास्तरांचं काही बिघडत नाही, तुमचं काही बिघडत नाही. सगळे सुखाने राहतायत आणि तुम्हालाच काट्यावर उडी मारायची हौस आलीय. कशासाठी?”

“एका माणसाच्या फुप्फुसावर डाग आहे.”

“मग सही न करून तो जाणारे का?”

तिने मुठी स्वेटरच्या खिशात खुपसल्या. इतका वेळ खाली दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “नाही जाणार! पण त्याला सांगितलंय की अडचण तांत्रिक आहे. तांत्रिक! म्हणजे कुणाचीच नाही. आभाळातून पडलेली. साहेब, मी तांत्रिक आहे. तुम्ही तांत्रिक आहात. त्याने विचारलं, तुमच्याकडून हरवला का, तर हो म्हणायलासुद्धा आपल्याकडे माणूस नाही?”

“आवाज खाली,” साहेब म्हणाले. “आणि हे माझ्याकडे राहू दे. विचार करून उद्या बोलू.”

“राहू दे. समितीच्या सगळ्यांना मी पावणेचारलाच पाठवलंय.”

त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मजा येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही.

पुढे जे झालं त्यात शौर्यगाथेसारखं काही नव्हतं. समितीने अहवाल मागे घेतला आणि नवा लिहिला. त्यात मास्तरांचं नाव नव्हतं, साहेबांचं एका तळटीपेत होतं, तिचं तीनदा होतं. तिला तळघरातून काढून तळमजल्यावर बसवण्यात आलं. पासवर्ड विसरलेल्या लोकांना नवे पासवर्ड द्यायचे. जागेला खिडकी होती आणि स्वेटर लागत नव्हता. साहेब जागच्या जागी राहिले. नवरा दोन दिवस कमी बोलला, मग म्हणाला, “मला आधी सांगायचंस तरी,” आणि ते बरोबरच होतं. आईने शेजाऱ्यांना सांगितलं की मुलीला बढती मिळाली, ती आता वर बसते. पत्रं मात्र गेली. चार हजार दोनशे अकरा. त्यांवर ‘आमच्याकडून हरवला’ असं नव्हतं, ‘उपलब्ध होऊ शकत नाही’ असं होतं, तरी खाली एक फोन नंबर होता आणि तो उचलायला माणूस होता. डागवाल्या ड्रायव्हरचं काय झालं हे तिला कळलं नाही. ती विचारू शकली असती. बसथांब्यावर उभी असताना ती समोरून येणाऱ्या प्रत्येक बसच्या काचेत बघायची आणि स्वतःवर चरफडायची.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी वर्गात बाक लावून झाल्यावर ती स्वतःच समोरच्या बाकावर जाऊन बसली. बाक लहान मुलांचा, गुडघे पोटाशी येत होते. तिने सुरुवात केली तेव्हा मागचं दार उघडलं आणि मास्तर आत आले. वाळले होते. कुणीतरी उठून जागा देऊ लागलं, त्यांनी हाताने नको म्हटलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ती थांबली नाही. सगळं सांगितलं, पंधरावा पत्ता, हिरवे ठिपके, सात वेळा. सात म्हणताना तिने मास्तरांकडे बघायचं टाळलं. सांगून झालं. मग एकाने डिस्कबद्दल विचारलं, तिने सांगितलं. बिस्किटवाल्याने फॉर्मबद्दल विचारलं, तिने सांगितलं.

“का लिहिलंस?” भिंतीकडून आवाज आला.

“साहेबांनी दबाव—”

“त्यांची चूक ते सांगतील. तू का लिहिलंस?”

“विचारणारं कुणी नव्हतं म्हणून.”

“खोटं,” मास्तर म्हणाले. एकोणीस वर्षांत तिने त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं, निदान तिच्यावर. “माझा नंबर होता तुझ्याकडे. दोन मिनिटं लागतात एक फोटो उघडायला. सात महिने. मी शिकवलेलं माणूस. का?”

वर्गात पंखा फिरत होता. फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेला भागाकार होता. तिने तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार हे तिला माहीत नव्हतं.

“तुमचा राग आला होता म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही न सांगता गेलात. नुसत्या किल्ल्या ठेवून. दर महिन्याला तो शब्द लिहिताना मला बरं वाटायचं. बघा, म्हटलं, तुमच्या तपासण्याशिवायही सगळं हिरवं आहे. कुणाला तुमची गरज नाही. मला नाही.” ती थांबली. “सातही वेळा बरं वाटलं.”

पाणीपुरवठ्यातली बाई नियम मोडून काहीतरी बोलणार होती, तिला शेजारच्याने हात धरून थांबवलं. मास्तर बाकांमधून पुढे आले, हळू, दोन्ही बाजूंच्या बाकांना धरत.

“हे त्या समितीला लिहिलंस?”

“नाही.”

“सरक जरा,” ते म्हणाले.

ती सरकली. ते तिच्या शेजारी त्या लहान बाकावर मावले, कसेबसे, खांद्याला खांदा लागून, तोंड वर्गाकडे. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. तिचा राग अजून गेलेला नव्हता, त्यांचाही नव्हता. त्यांचा श्वास नाकातून जोरात येत होता, तो तिला ऐकू येत होता.

“मी राजीनामा दिला त्या दिवशी,” मास्तर वर्गाला म्हणाले, “ही रजेवर आहे हे मला माहीत होतं.”

आणि प्रश्नांसाठी ते थांबले.